एकास बावीस

वजनमापं तपासणाऱ्या माणसाला मापात फसवणं सोपं नसतं. त्याला तो स्वतःच लागतो.

मी गेली कित्येक वर्षं दुकानादुकानांतून तराजू तपासत हिंडतो. माझं पाऊल दारात पडलं की भल्याभल्यांचे काटे आपोआप सरळ होतात. खात्यात मला ‘काटेकोर’ म्हणतात. घरीही हाच शब्द वापरतात, पण आवाज वेगळा लावतात. तर असा मी लेकीसाठी खेळण्यातली आगगाडी आणायला गेलो. दुकानदारानं दोन मापं दाखवली, एकास सत्त्याऐंशी आणि एकास बावीस. आपलं घर लहान, तेव्हा माप लहानच बरं, असा सुज्ञ विचार करून मी बावीसवर बोट ठेवलं. ‘‘सत्त्याऐंशी म्हणजे केवढं धूड असेल हो!’’ असंही वर म्हणालो. दुकानदार भला माणूस. माझं ओळखपत्र खिशातून डोकावत होतं, त्यामुळे मला सुधारण्याचं धाडस त्यानं केलं नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, आणि ज्यांना माहीत आहे त्यांनी कृपया हसू नये. एकास बावीस म्हणजे खरी गाडी बावीस पटींनी लहान केलेली. एकास सत्त्याऐंशी म्हणजे सत्त्याऐंशी पटींनी. आकडा जितका लहान, तितकी गाडी मोठी.

खोकं दोन हमालांनी मिळून वर आणलं. बायको दार उघडून म्हणाली, ‘‘फ्रिज मागवलात?’’

‘‘आगगाडी आहे,’’ मी म्हणालो.

‘‘खेळण्यातली की बसून जायची?’’

मी सरळ खोकं उघडलं आणि सगळेच वाकून बघू लागले. काळं कुळकुळीत इंजिन, लाल चाकं, चाकांना जोडणारे लखलखीत दांडे, आणि पुढे खराखुरा लागणारा दिवा. मी ते दोन्ही हातांनी उचललं, तर चांगल्या पोसलेल्या बोक्याएवढं वजन. का कोण जाणे, आम्ही सगळे एकदम हळू आवाजात बोलायला लागलो, घरात तान्हं बाळ आल्यासारखे.

‘‘परत करायचं ना?’’ मी बायकोला विचारलं.

‘‘करू की. आधी एकदा चालवून तर बघू.’’

असं म्हणून आजवर कुणी काही परत केल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

घर पाहावं बांधून म्हणतात. मी म्हणतो, रूळ पाहावेत टाकून. मोठ्या मापाची गाडी मोठ्या मनाची असते, तिला चिंचोळं वळण खपत नाही. हॉलमध्ये सोफ्याभोवती एका बाजूला वळण बसलं, पण दुसऱ्या बाजूला कपाट, टेबल आणि माझी खुर्ची. गाडी जाणार आणि तिकडेच अडकणार. लेकीनं पालथं पडून, एक डोळा मिटून सगळ्या घराचा अंदाज घेतला आणि निकाल दिला, ‘‘गाडी बोळातून आजोबांच्या खोलीत जाईल, त्यांच्या खुर्चीभोवती वळेल आणि परत येईल. दुसरी जागाच नाही.’’

इथे बाबांबद्दल सांगायला हवं. माझे वडील शाळेत व्यायामशिक्षक होते. जन्मभर त्यांनी दुसऱ्यांना पळवलं. गावातली अर्धी मोठी माणसं त्यांना रस्त्यात बघितलं की अजून पोट आत घेतात. असा माणूस मोरीत पाय घसरून पडला. खुब्याचं हाड मोडलं, जोडलं, जुळूनही आलं. डॉक्टर म्हणाले, आता चालायचं, रोज चालायचं, नाहीतर सांधा आखडेल आणि मग कायमची खुर्ची. घरी व्यायाम करून घ्यायला एक तरुण बाई यायला लागल्या. त्यांनी पहिल्या दिवशी टाळ्या वाजवून, ‘‘चला आजोबा, एक पाऊल, शाब्बास!’’ असं म्हटलं. झालं. बाबांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की बाईंनीच दोन पावलं मागे घेतली. त्यानंतर बाबांनी चालायचं नावच टाकलं. पलंगावरून खुर्चीत आणि खुर्चीतून पलंगावर, ते पण माझ्या खांद्यावर रेलून. नवा कोरा वॉकर त्यांच्या खिडकीशी उभा होता आणि त्यावर घरातले टॉवेल वाळत होते.

आम्ही समजावलं, रागावलो, रडलोसुद्धा. व्यर्थ. ‘‘चालायला मला कुणी शिकवायची गरज नाही,’’ एवढंच ते म्हणायचे, आणि बसून राहायचे. त्यांचे पाय दिवसेंदिवस बारीक होत होते ते आम्हाला दिसत होतं. त्यांनाही दिसत असणारच.

तर त्या खोलीतून रूळ न्यायची परवानगी मागायला आम्ही लेकीला पाठवलं. मोठी माणसं अशा वेळी शूर असतात. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि उशाखालून त्यांची शाळेतली पितळी शिट्टी काढली.

‘‘अटी आहेत,’’ ते म्हणाले. ‘‘गाडी माझ्या शिट्टीवर थांबली पाहिजे. शिट्टीवरच सुटली पाहिजे. आणि गाडी चालवणाऱ्यानं बेशिस्त केली तर त्याला गच्चीवर दोन फेऱ्या.’’

गाडी सुरू झाली त्या संध्याकाळचं वर्णन मी करणार नाही, कारण मला ते जमणार नाही. एवढंच सांगतो की मोठ्या गाडीची मजा उभ्यानं कळत नाही. तिच्यासाठी जमिनीवर पालथं पडावं लागतं. गाल फरशीला टेकवला की आपलाच सोफा डोंगराएवढा होतो, त्याच्या मागून दिवा उजळतो, आणि दांडे खालीवर करत, फरशीतून छातीत गुरगुरत, ती येते. लहान गाड्या पळतात. ही येते. मी माझ्या बायकोला इतक्या वर्षांत प्रथमच जमिनीवर लोळून हसताना पाहिलं. आणि सांगायला हरकत नाही, आमच्यात उत्तम ड्रायव्हर तीच निघाली. माझ्या हातात चालवायचा खटका आला की गाडी गचका खाते. तिच्या हातात ती अशी सुटते की डब्यातलं पाणी हलू नये.

दुसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर तणतणत वर आले. त्यांचा दवाखाना नेमका आमच्या बोळाखाली.

‘‘वर काय चालवताय? माझ्या पेशंटना वाटतं शेजारच्या खोलीत कुणाचा तरी दात कोरतायत. आज दोन जण तोंडात कापूस घेऊन पळाले!’’

मी माफी मागणार, तेवढ्यात सोफ्यामागून गाडी आली. डॉक्टर थांबले. मग गुडघ्यावर बसले. मग पँटची इस्त्री विसरून पालथे पडले. त्यानंतर ते रोजच येऊ लागले. येताना तो लांब दांडीचा छोटा आरसा आणि टोकदार सळई घेऊन यायचे आणि रुळांचा एकेक जोड तपासायचे. ‘‘हा जोड किडायला लागलाय,’’ ते मान हलवत सांगायचे. ‘‘जेवण झाल्यावर पुसत नाही ना? मला वाटलंच.’’

तिसऱ्या दिवशी आले सोसायटीचे सेक्रेटरी. हातात नियमांचं पुस्तक.

‘‘चाकं असलेली कुठलीही वस्तू तळमजल्यावर ठरलेल्या जागेत उभी करायची, असा नियम आहे.’’

‘‘अहो, पण ही घरात चालते.’’

‘‘म्हणजे घरात वाहन चालवता, हे तुम्ही स्वतः कबूल करताय.’’

‘‘तसं म्हटलं तर माझ्या सोफ्यालाही चाकं आहेत!’’

हे मी बोलायला नको होतं. त्यांनी वाकून सोफ्याची चाकं मोजली आणि पुस्तकाच्या समासात लिहून घेतली. मी जन्मभर लोकांना नोटिसा दिल्या. नोटीस घेणाऱ्याचं तोंड कसं होतं ते मला त्या दिवशी आरशात दिसलं. मग अर्ज झाला. अर्जात ‘वाहनाचा रंग’ आणि ‘वाहन कोण चालवते’ असे रकाने होते. दुसऱ्या रकान्यात बायकोचं नाव घालावं लागलं, ते मी जरा बारीक अक्षरात घातलं. शेवटी तात्पुरती परवानगी मिळाली, मात्र सेक्रेटरी स्वतः अधूनमधून पाहणी करणार या अटीवर. अधूनमधून म्हणजे रोज. तेही पाहणी पालथं पडूनच करायचे. नियम असला तरी माणूस माणूसच असतो.

तोपर्यंत गाडीनं घरातली कामं अंगावर घेतली होती. बाबांचा चष्मा, वर्तमानपत्राची गुंडाळी, दुपारची बिस्किटं, सगळं मालडब्यातून त्यांच्या खोलीत जायचं. खोलीतून एक शिट्टी आली की गाडी थांबायची, दोन आल्या की निघायची. सगळं कसं घड्याळासारखं चाललं होतं.

फक्त एक गोष्ट सोडून. बोळात, बाबांच्या दारापासून पाचसहा पावलांवर, एक फरशी किंचित वर आली होती. त्या फरशीवर गाडी घसरायची. रोज नाही, पण दिवसातून एखादी खेप हमखास आडवी. आणि जास्तकरून मी ऑफिसात असताना.

आता माझी अवस्था समजून घ्या. मी केसाएवढा फरक पकडणारा माणूस, आणि माझ्याच घरात, माझ्याच फरशीवर, माझीच गाडी आडवी होते. ‘‘दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं,’’ असं सेक्रेटरी एकदा कुणाकडेही न बघता म्हणाले. मला ते लागलं. त्यात आणखी एक वैताग. जोडे घालायला बसायचं बुटकं स्टूल दाराशी ठेवलेलं असायचं, ते रोज संध्याकाळी बोळात त्या फरशीपाशी सापडायचं. मी ते दाराशी नेऊन ठेवायचो, दुसऱ्या दिवशी पुन्हा बोळात. कुणाला विचारलं तर सगळे छताकडे बघायचे.

‘‘ती फरशी एकदा नीट करतो,’’ मी म्हणालो.

‘‘राहू दे हो,’’ बायको म्हणाली. ‘‘थोडं घसरलं तर काय बिघडलं?’’

‘‘बाबा, नको ना,’’ लेक म्हणाली.

अज्ञान हे असं घराघरांत असतं, असं मनाशी म्हणून मी रजा टाकली. बायको सकाळच्या शाळेत शिकवायला, लेक शिकायला गेलेली, बाबा खुर्चीत डुलक्या घेत होते. मी आणि दातांचे डॉक्टर बोळात आडवे झालो. त्यांनी दवाखान्यातली कोरायची यंत्रं आणली होती. पाणसळ लावून, आरसा फिरवून, आम्ही ती फरशी घासली, खालचे खड्डे भरले आणि त्यावर रूळ बसवला. भरायला त्यांनी दाढेत भरायचं सिमेंट वापरलं. ‘‘वीस वर्षं हलणार नाही,’’ ते म्हणाले. ‘‘फक्त दोन तास काही चावायला देऊ नका.’’

संध्याकाळी सगळ्यांना बोळात उभं करून मी गाडी सोडली. ती त्या जागेवरून लोण्यातून सुरी जावी तशी गेली. पुन्हा सोडली, पुन्हा गेली. मी वळून टाळ्यांची वाट पाहिली. बायको गाडीकडे बघतच नव्हती. ती बाबांच्या दाराकडे बघत होती. लेक पाय आपटत निघून गेली.

गुणांची कदर घरात होत नाही, हे मला माहीत होतंच. मी सोडून दिलं. गाडी आता चुकूनही घसरत नव्हती. चष्मा, पेपर, बिस्किटं थेट खुर्चीपाशी पोचत होती. स्टूलही दाराशी मुकाट बसलं होतं.

तीनएक दिवसांनी बायकोनं मला बाबांच्या खोलीच्या दाराशी नेलं आणि नुसतं बोट दाखवलं. खिडकीशी वॉकर उभा होता. त्यावर टॉवेल वाळत होते.

‘‘मग?’’ मी म्हणालो. ‘‘तिथेच तर वाळतात.’’

‘‘महिनाभर नव्हते वाळत,’’ ती म्हणाली. आणि मला स्वयंपाकघरात नेऊन तिनं सगळं सांगितलं.

पहिल्यांदा गाडी घसरली तेव्हा ती भांडी घासत होती. बाबांनी शिट्टी वाजवली. हात ओले म्हणून तिला निघायला उशीर झाला. गाडी आडवी पडलेली, चाकं हवेत गरगरत होती, इंजिन तापत होतं. ती दाराशी आली, तर बोळात बाबा. टॉवेल खुर्चीवर फेकलेले, दोन्ही हात वॉकरवर, पाय थरथरतायत, आणि इंजिनाला दम देतायत, ‘‘थांब! थांब म्हणतो ना, येतोय!’’ भिंतीला धरून त्यांनी बोळातलं गाडीच्या प्लगचं बटण बंद केलं. वाकता येईना, तसे वॉकर घेऊन परत गेले. दुसऱ्या दिवशी हिनं तिथे स्टूल ठेवलं. त्या दिवसापासून ते स्टुलावर बसून एकेक डबा रुळावर चढवायचे, शिट्टी वाजवायचे आणि परत जायचे. रोज. व्यायामवाल्या बाईंना हिनं चोरून दाखवलंसुद्धा. बाई जिन्यात उभ्या राहून रडल्या.

‘‘मला का नाही सांगितलं?’’ माझा आवाज चढला होता.

‘‘तुम्ही लगेच पावलं मोजायला गेला असता. त्यांना कळलं असतं की आपण बघतोय, आणि ते बसले असते परत.’’

ते खरं होतं. माझ्या हातानं, पाणसळ लावून, मी माझ्या वडिलांचे पाय काढून घेतले होते. खात्यात याला काय कलम लागतं मला माहीत नाही.

‘‘उद्याच परत बिघडवतो,’’ मी म्हणालो.

हे म्हणणं सोपं होतं. मोठ्या गाडीची थोरवी मला खरी कळली ती तिला पाडायला निघाल्यावर. मी रुळाखाली पुठ्ठा सारला, तिनं तो दाबून सपाट केला. पेन्सिल आडवी ठेवली, तिनं पेन्सिलचे दोन तुकडे केले. जोड सैल केला, तर ती जरा खाकरल्यासारखी करून पुढे गेली. काय तिची बैठक, काय तिची चाल! मी मनात तिला हात जोडले आणि वर शिव्याही दिल्या. शेवटी शरमेनं दातांच्या डॉक्टरांकडे गेलो.

‘‘ती दाढ काढावी लागेल,’’ मी म्हणालो आणि कारण सांगितलं.

त्यांनी चष्मा काढून पुसला. त्यांनाही बाबांनी शाळेत पळवलं होतं, हे त्या दिवशी मला कळलं. ‘‘चांगली दाढ उपटायची आयुष्यातली पहिलीच वेळ,’’ एवढंच म्हणून त्यांनी हत्यारं गोळा केली. बाबा दुपारी झोपले असताना आम्ही बोळात पुन्हा आडवे झालो. सिमेंट त्यांच्या शब्दाला जागत होतं. वीस वर्षांची हमी खोटी पाडायला आम्हाला घाम फुटला. सेक्रेटरी पाहणीला आले तेही ओढायला बसले. बायकोनं हलक्या हातानं दोनदा गाडी सोडून पाहिली, आणि दुसऱ्या खेपेला आमची लाडकी, थोर, निर्दोष गाडी त्या फरशीवर अलगद आडवी झाली. आम्ही तोंडावर हात दाबून एकमेकांना मिठ्या मारल्या.

मग गाडी परत उभी केली, डब्यात बिस्किटं भरली, स्टूल बोळात ठेवलं. बाबांना जाग आल्याची चाहूल लागली तशी बायकोनं गाडी सोडली आणि आम्ही पाचही जण स्वयंपाकघरात दार लोटून उभे राहिलो, मी, बायको, लेक, दातांचे डॉक्टर आणि सेक्रेटरी. एवढ्याशा जागेत, ओट्याला चिकटून.

गाडी गुरगुरत गेली. धडाम. चाकांची हवेत घरघर.

शिट्टी वाजली. कुणी हललं नाही. पुन्हा वाजली, जरा लांब. माझा पाय आपोआप निघाला, बायकोनं मनगट घट्ट धरलं. चाकं नुसतीच फिरत होती. आपण उशीर केला, पाय आखडले, आता ते उठणार नाहीत, असं माझ्या मनात आलं.

मग खुर्ची करकरली. टॉवेल कुठेतरी पडल्यासारखा आवाज झाला. आणि टक्. थोडा वेळ. पाय ओढल्याचा आवाज. टक्.

‘‘वॉकरला चाकं आहेत का?’’ सेक्रेटरींनी डोळे पुसत कुजबुजून विचारलं. बायकोनं त्यांच्याकडे असं पाहिलं की त्यांनी पुस्तक खिशात घातलं.

टक्, पाय, टक्. घरघर थांबली. स्टूल सरकलं. एकेक डबा रुळावर बसल्याचा खटका आम्ही श्वास धरून ऐकत होतो. सगळे बसले. आता शिट्टी येईल, असं वाटलं, पण आला तो आवाज. सगळं मैदान भरून टाकणारा जुना आवाज.

‘‘स्वयंपाकघरात लपलेल्या सगळ्यांनी ऐका!’’

आम्ही पाचही जण ताठ झालो. डॉक्टरांनी पोट आत घेतलं.

‘‘तीन दिवस गाडी सरळ चालवायचा शहाणपणा कुणी केला ते मला माहीत आहे. त्यानं गच्चीवर दोन फेऱ्या मारायच्या. काम असलं तर माणूस उठतो. उगाच येरझाऱ्या घालायला मी काय पेशंट आहे?’’

डॉक्टर माझ्याकडे बघू लागले, मी त्यांच्याकडे.

‘‘आणि रोज रोज इथंच काय पाडता? कंटाळा आला मला,’’ बाबा म्हणाले. ‘‘उद्यापासून हॉलमध्ये पाडा. सोफ्याच्या पलीकडे.’’